काट्याचं तोंड कुणाकडे

आमचे घरमालक कधी कुणाला 'कसं काय' म्हणून विचारायचे नाहीत. जिन्याशी गाठ पडली की म्हणायचे, "आज तुमच्या ओट्यावर एकोणचाळीस. माझ्याकडे छत्तीस." एवढं बोलून थांबायचे. आता यावर माणसानं काय बोलावं? सुरुवातीला मी नुसतं 'हो का' म्हणायची. मग लक्षात आलं की त्यांना उत्तरादाखल आपल्या स्वयंपाकघरातला आकडा हवा असतो. एकदा घाईत होते म्हणून चाळीस ठोकून दिलं, तर संध्याकाळी गृहस्थ थर्मामीटर घेऊन आमच्या गॅसपाशी हजर. चौतीस भरलं. मला काही बोलले नाहीत, पण पुढे बरेच दिवस आकडा माझ्या नवऱ्यालाच विचारत होते.

सारी सोसायटी त्यांना आप्पा म्हणायची. दिंडोलीच्या बाजूला त्यांचं रो-हाउस. वर ते एकटे, खाली आम्ही भाडेकरू. मूळ नंदुरबारकडचे, पण नोकरी गुजरात सरकारच्या तोलमाप खात्यात, त्यामुळे उभा जन्म सुरतेत गेला. दुकानादुकानांतून तराजू तपासायचे, वजनं पारखायची, खोटं निघालं की जप्त करायचं, हे त्यांचं काम. खात्यातून निवृत्त झाले, तपासणीतून काही झाले नाहीत. मोजणाऱ्या कुठल्याही वस्तूला ते 'काटा'च म्हणायचे. थर्मामीटर म्हणजे काटा, विजेचं मीटर म्हणजे काटा, पेट्रोल पंपावरचा आकडा म्हणजेही काटा. लोकांच्या भिंतींवर देवादिकांच्या तसबिरी असतात, यांच्या भिंतींवर थर्मामीटरं. बायको गेल्यावर तिचा फोटो लावला, तर त्याच्याही शेजारी एक टांगलेलं. मी चेष्टेनं विचारलं, हे कशाला? तर म्हणाले, तिला उकाडा सोसत नसे, लक्ष ठेवावं लागतं.

आम्ही घर बघायला आलो तो दिवस मला चांगला आठवतो. इतर घरमालक पाण्याचं, बाजाराचं, शेजाराचं कौतुक सांगतात. आप्पांनी आधी घराच्या खोडी दाखवल्या. नळ कुठे गळतो, दार कुठे अडतं. मग भर दुपारी आम्हाला पश्चिमेच्या खोलीत बसवलं, हातात पाणी दिलं आणि स्वतः बाहेर जाऊन पेपर वाचत बसले. नवऱ्याचा शर्ट पाठीला चिकटला तेव्हा आत येऊन म्हणाले, ही भिंत दुपारनंतर तापते, आता अंगाला कळलं ना, मग उद्या माझ्या नावानं खडे फोडू नका. घरं बघून बघून आम्ही मेटाकुटीला आलो होतो. खोटं न बोलणारा हा पहिलाच घरमालक भेटला, म्हणून तिथल्या तिथे होकार दिला. अट एकच होती, भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठोकायचाच तर त्यांना विचारून, त्यांच्या देखत, ते म्हणतील तिथे. आमच्या लग्नाचा फोटो कितीतरी दिवस कपाटावर टेकवून ठेवलेला होता.

त्यांची भाजीची पिशवी उचलली की हाताला हिसका बसायचा, कारण तळाशी एक किलोचं पितळी वजन असायचं. भाजीवालीच्या काट्यावर आधी आपलं वजन ठेवायचं, एक किलो बरोबर दाखवलं की मगच वांगी घालायची. बायका वैतागायच्या, पण म्हातारा भाव करत नसे, म्हणून खपवून घ्यायच्या. एकदा नवागामच्या एका भाजीवालीच्या काट्यावर त्यांचा किलो थोडा कमी भरला. आप्पांचे डोळे चमकले. जुनी शिकार सापडली ना. पण बाई खमकी. ती शांतपणे म्हणाली, "काका, मारो काटो बराबर छे. तमारो किलो घसाई गयो छे."

आजूबाजूचे सगळे हसले. दुसरा कुणी असता तर भांडण उकरून बसला असता. आप्पा ते वजन घेऊन तडक आपल्या जुन्या खात्यात गेले आणि तपासून घेतलं. खरंच झिजलेलं निघालं. दुसऱ्या दिवशी भाजीबाजारात टोपलीटोपलीपाशी जाऊन त्यांनी सांगितलं, की मी कोण जाणे किती दिवस खोटं वजन घेऊन फिरत होतो, माफ करा. एकीनं कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबली. ते वजन नंतर गच्चीचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून दाराशी ठेवलेलं असायचं, आणि त्यावरून ठेच लागली की मी मनातल्या मनात त्यांना चार शब्द ऐकवायची.

त्यांच्या सगळ्या शिकवणुकीत एक गोष्ट वरचढ होती. काट्याचं तोंड गिऱ्हाईकाकडे पाहिजे. काटा कितीही खरा असो, आकडा जर फक्त दुकानदाराला दिसत असेल तर त्यांच्या लेखी तो खोटाच. किराणावाल्याकडे गेले की बोलणं नाही चालणं नाही, काटा उचलून सरळ गिऱ्हाईकांकडे फिरवायचे. तो बिचारा दिवसभरात परत आपल्याकडे फिरवून घ्यायचा.

आणि त्यांचा तो 'बघण्याचा कार्यक्रम'! प्लग असलेली कुठलीही वस्तू त्यांच्या घरात मुलगी दाखवायला आणावी तशीच यायची. आधी दुकानदारानं वस्तू घेऊन घरी यायचं, आप्पांनी स्वतः केलेले पोहे खायचे, आणि मग ती वस्तू जो जो वापरणार त्यानं एकेक प्रश्न विचारायचा. त्यांच्या मुलानं, जो वेसूला मोठ्या टॉवरमध्ये राहतो, एकदा हौसेनं कपडे धुण्याचं मशीन द्यायचं ठरवलं. आप्पांनी प्रश्न विचारायला बसवलं कामाच्या बाईला. तिनं विचारलं, मध्येच मोजा राहिलेला आठवला तर थांबवून टाकता येईल का? मशीन चालू झालं की दार उघडत नाही, असं उत्तर आलं. झालं, नकार. दुकानदार पोहे खाऊन मशीन घेऊन परत गेला. मी आणि नवरा यावर रात्रभर हसलो होतो. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आमच्या डोक्यावरच राहतो, असं माझं तेव्हाचं मत.

मग माझ्या सासूबाई आल्या.

पारोळ्याकडच्या गावात त्या एकट्या राहायच्या. अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन करून आत सळी घातली. डॉक्टरांनी बजावलं की आता एकटं ठेवायचं नाही. म्हणून सुरतेला आणल्या. आमच्याकडे एसी एकाच खोलीत, पुढच्या, त्या पश्चिमेच्या भिंतीच्या. तिथेच त्यांची कॉट लावली, आणि उन्हाळ्यात आम्ही दोघंही तिथेच गाद्या घालायचो. नवरा कामरेजच्या कारखान्यात, दिवसभर मशिनींच्या धगीत. घरी आला की एसी अठरावर. सासूबाई गोधडीत शिरायच्या, त्यांची सळी ठणकायची, पण तोंडातून शब्द नाही. मी उठून पंचवीस करायची. नवरा झोपेत अठरा करायचा. त्या रिमोटनं आमच्या संसारात जेवढी भांडणं लावली तेवढी माझ्या नणंदेनंही लावली नाहीत.

नवऱ्यानं यावर तोडगा काढला तो फोनवर बघून. एक पांढरी डबी मागवली. ती वाय-फायला जोडायची, मग एसी फोनवरून चालतो. शिवाय ती हुशार, वीज वाचवते. घरातली माणसं बाहेर गेली की तिला आपोआप समजतं आणि ती एसी बंद करते. नवरा खूष. तो कामरेजहून आईसाठी गारवा पाठवणार होता. रिमोट आता कशाला लागतोय म्हणून त्यातले सेल काढून त्यानं भिंतीवरच्या घड्याळात घातले. आप्पांना त्यानं मुद्दाम सांगितलं नाही. डबी टेबलावर ठेवायची होती, खिळ्याचा प्रश्न नव्हता, म्हणजे बघण्याच्या कार्यक्रमाचीही भानगड नव्हती.

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. ती डबी घरात माणूस आहे की नाही ते ओळखायची फोनवरून. माझा फोन रिंगरोडच्या कापड मार्केटात, जिथे मी बिलिंग करते. नवऱ्याचा फोन कामरेजला. सासूबाईंकडे फोनच नव्हता. म्हणजे डबीच्या हिशेबी घरात कोणीच नाही. आम्ही कोपऱ्यावर वळलो की इकडे एसी बंद. दुपारी नवऱ्याला आईची आठवण आली की तो तिकडून जोरात लावायचा, कामात विसरायचा, मग खोलीचं पार कोल्ड स्टोरेज. आम्ही संध्याकाळी यायचो तेव्हा सगळं ठीकठाक दिसायचं. सासूबाई चहा ठेवून बसलेल्या. कशा आहात विचारलं की बरी आहे म्हणायच्या. मात्र आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, जवळ आली तशी त्यांनी एक दिवस कॉटखालून पिशवी काढली आणि कपडे भरले. आखाजीला गावी जाते म्हणाल्या. आम्हाला वाटलं, सणाची ओढ. मग सहज म्हणाल्यासारखं म्हणाल्या की परत येणार नाही, तिथेच राहीन. नवऱ्यानं खूप विचारलं. काही झालं का, ही काही बोलली का? म्हणजे मी, बरं का! त्या नुसती मान हलवायच्या. सळी घातलेल्या पायानं बंद पडलेल्या घरात एकटी बाई, विहिरीवरून पाणी कोण आणणार, पडली तर उचलणार कोण? माझा जीव टांगणीला लागला. सासू-सून म्हणून आमचं मेतकूट काही फार जमलेलं नव्हतं, पण त्या घरात असल्या की घराला कुणीतरी आहे असं वाटायचं. मला माझी आई फार आठवत नाही. सासूबाई रोज मी बाहेर पडताना हातावर गुळाचा खडा ठेवायच्या. मला त्या हव्या होत्या.

अशातच एका दुपारी मार्केटात आप्पांचा फोन आला. ते कधी फोन करत नसत. मी घाबरून उचलला. नमस्कार नाही, आकडा नाही, सरळ म्हणाले, "तुमच्या घरात माणूस आहे, हे तुमच्या यंत्राला माहीत आहे का?"

झालं होतं असं. आप्पा बाहेरून येत होते, तर सासूबाई उन्हाच्या ओट्यावर बसलेल्या, डोक्यावर ओला पंचा. आप्पांनी आपल्या सवयीनं सांगितलं, इथे एक्केचाळीस आहे, आत किती? त्या म्हणाल्या आत जास्त आहे. एसी लावत का नाही, असं त्यांनी विचारलं. दोघांची अहिराणी एकच, त्यामुळे सासूबाई जे आमच्याशी बोलल्या नव्हत्या ते त्यांच्याशी बोलल्या.

"पोऱ्या कामले जास, एसी संगे लई जास."

मुलगा कामाला जाताना एसी सोबत घेऊन जातो. हे ऐकून आप्पा आत गेले, टेबलावरची डबी आणि सेल काढलेला रिमोट पाहिला, आणि तिथूनच मला फोन लावला. सासूबाईंना वाटत होतं की आम्ही दोघं निघताना मुद्दाम बंद करून जातो. एकट्या म्हातारीसाठी कशाला वीज जाळायची, असं. आणि त्यांना ते पटलंही होतं, हे जास्त वाईट. लेकाला आपला भार नको, गावी आपला पंखा आहे, एवढाच विचार करून त्यांनी पिशवी भरली होती. राग नव्हता, रुसवा नव्हता. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आप्पा खाली आले आणि डबीसमोर खुर्ची टाकून बसले, जप्तीला आलेल्या इन्स्पेक्टरसारखे. नवऱ्यानं सगळं समजावून सांगितलं, ती फोन कसे ओळखते, वीज कशी वाचते. आप्पांनी ऐकून घेतलं. मग विचारलं, दुपारी तू तिकडून लावतोस तेव्हा आई थंडीनं बाहेर येऊन बसते, आणि खोली गार होत राहते. रिकामी खोली गार करून कोणाची वीज वाचली? नवऱ्याचा चेहरा उतरला. तो आईपाशी जाऊन बसला, काही बोलायला गेला आणि रडायलाच लागला. सासूबाई त्याच्या डोक्यावरून हात फिरवत होत्या. पिशवी मात्र कॉटखाली भरलेलीच राहिली. आखाजीनंतर परत येते असं त्यांनी तेव्हाही म्हटलं नाही.

आप्पा जाताना म्हणाले, रविवारी बघण्याचा कार्यक्रम. पोहे मी आणतो.

या वेळी मी हसले नाही. रविवारी दुकानदार भाई तीन नग घेऊन आला. गृहस्थ आधीच घाबरलेला, कारण त्याच्या वडिलांचं किराणा दुकान होतं आणि आप्पांनी त्यांचा तराजू जप्त केला होता, असं पोहे खाता खाता निघालं. आप्पा म्हणाले, तराजू खोटा होता, माणूस बरा होता. मग वातावरण जरा सैल झालं. आप्पांनी पहिला प्रश्न टाकला, घरात माणूस आहे हे यंत्र कशावरून ओळखणार? फोनवरून ओळखणारा नग तिथेच बाद. नवऱ्यानं विचारलं, मला कामरेजहून दिसेल का? मी विचारलं, इंटरनेट गेलं तर काय? आमच्याकडे वाय-फाय मांजरासारखं आहे, मनात आलं तर घरात असतं. दुसरा नग त्यात गळाला. तिसरा नग छान होता, सगळं आपोआप करणारा, माणसाची हालचाल ओळखणारा, नुसती एक गुळगुळीत चकती, ना बटण ना आकडा. नवरा त्याच्यावर लट्टू झाला.

आप्पा सासूबाईंकडे वळले. "वहिनी, दिवसभर तुम्ही असता. विचारा."

त्या पदर सारखा करून संकोचत म्हणाल्या, यात मला काय करावं लागेल? दुकानदार मोठ्या कौतुकानं म्हणाला, "बा, तमारे कंई करवानुं ज नथी. बधुं एनी मेळे थशे." सगळं आपोआप होईल म्हणे.

सासूबाईंनी त्या चकतीवरून बोट फिरवून पाहिलं. मग म्हणाल्या, "काहीच कराणं नही? मंग मी घरमा कसाले शे?"

मग मी घरात आहे कशाला, असं त्या विचारत होत्या. दुकानदाराला अहिराणी कळली नव्हती, तरी त्यानं हातातली पोह्यांची बशी खाली ठेवली. आप्पांनी ती गुळगुळीत चकती उचलून त्याच्या पिशवीत घातली आणि म्हणाले, भाई, ज्याला ऊन लागतं आणि ज्याला थंडी वाजते, काट्याचं तोंड त्याच्याकडे पाहिजे. तसा काटा असेल तर आण, नसेल तर पोहे खाऊन घे.

तसा होता. दुकानात मागच्या कप्प्यात पडलेला, कारण कुणी मागत नाही म्हणे. भिंतीवर लावायचा, पुऱ्यांच्या डब्याच्या झाकणाएवढा गोल, मध्ये ठळक आकडा, आणि कड हातानं फिरवायची. फिरवली की आकडा बदलतो आणि एसी त्याचं ऐकतो. वाय-फायही होतं, नवऱ्याला फोनवर सगळं दिसायचं, पण भिंतीवरचा हात फोनच्या वर. तशी सोयच त्यात होती. जिथे लावला आहे तिथला उकाडा तो मोजतो, म्हणून आप्पांनी तो तापणाऱ्या भिंतीवर नको, समोरच्या भिंतीवर, कॉटवर बसल्या बसल्या सासूबाईंचा हात पोचेल एवढ्या उंचीवर लावायचा ठरवलं. दुकानदार म्हणाला, एवढ्या खाली कुणी लावत नाही. आप्पा म्हणाले, गारवा माणसाला पाहिजे, छताला नको. आणि ज्यांनी आमच्या लग्नाच्या फोटोला खिळा दिला नव्हता, त्यांनी स्वतः ड्रिल आणून आपल्या भिंतीला चार भोकं पाडली. शेजारी आपलं एक जुनं थर्मामीटर तपासणीसाठी टांगलं. दोन्ही काटे बरोबर जुळले. त्यांना जरा वाईटच वाटलं.

सासूबाईंनी दिवसभर कड फिरवून फिरवून आपल्याला बरं वाटेल तो आकडा शोधला. सत्तावीस, आणि वर पंखा मंद. मी माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका तिथे लावून दिला. रात्री नवऱ्यानं सवयीनं आकडा खाली आणला, तर अंधारातून कड फिरल्याचा आवाज आला आणि आकडा परत वर. नवऱ्यानं निमूट चादर बाजूला केली. हळूहळू त्यालाही सत्तावीसची सवय झाली, आणि महिन्याचं बिल आलं तेव्हा तो वरचं नाव परत परत वाचत होता, आपलंच आहे ना म्हणून.

आखाजीला सासूबाई गावी गेल्या. पिशवी नेली. मी स्टेशनवर सोडायला गेले होते, पण विचारायचा धीर झाला नाही. सण झाला आणि त्यांचा शेजाऱ्याच्या फोनवरून निरोप आला, गाडीवर घ्यायला ये, सांजोऱ्या आणल्या आहेत, आप्पांच्या वेगळ्या. मी मार्केटात सगळ्यांसमोर डोळे पुसले. नंतर नवऱ्याला कामरेजला दुपारी फोनवर आकडा हललेला दिसायचा. सत्तावीसचा अठ्ठावीस झाला की तो मला मेसेज टाकायचा, आई उठली. पुन्हा सत्तावीस झाला की, आई आडवी झाली. बाकी कशाला म्हणून तो मला दुपारचा मेसेज करत नाही.

आप्पा गेल्या वर्षी न्हाणीघरात घसरले. मुलगा त्यांना वेसूला आपल्याकडे घेऊन गेला. मुलगा चांगला आहे, सूनही चांगली, तीच तर पंचाईत. वाईट असते तर आप्पा भांडले असते. आम्ही भेटायला गेलो, सासूबाई काठी टेकत लिफ्टनं अकराव्या मजल्यावर. खोली सुरेख, थंडगार, भिंती कोऱ्या, एकही थर्मामीटर नाही. आप्पा खुर्चीत कानटोपी घालून पेपर वाचत होते. आम्हाला बघून उजळले, पण आकडा सांगितला नाही. मी वाट बघत होते. मग बोलता बोलता दिवा आणि एसी दोन्ही गपकन बंद झाले. आप्पांनी बोलणं न थांबवता भिंतीकडे हात हलवला, आणि सगळं परत सुरू झालं. थोड्या वेळानं परत तसंच.

सासूबाईंनी विचारलं, कोणाला हात करता?

"भिंतीला," ते म्हणाले. "हललो नाही की तिला वाटतं खोलीत कुणी नाही. मी आहे असं सांगावं लागतं."

ते हसून बोलले. मला हसता आलं नाही. ज्या माणसानं आमच्या घरातल्या माणसाची यंत्राला ओळख करून दिली, तो इथे बसून भिंतीला हात करत होता. सून म्हणाली, सगळं ऑटोमॅटिक आहे, यांच्या फोनवर सेट केलेलं आहे, बाबांना काही म्हणजे काही करावं लागत नाही. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मग आपली पिशवी उघडली आणि आतून डबा काढला. पोहे होते. घरून निघताना कधी केले मला पत्ता नाही. कदाचित त्यांच्यासाठी नुसते खायला म्हणूनच आणले असतील. पण त्यांनी डबा टेबलाच्या मध्ये ठेवला, आप्पांच्या मुलाला समोर बसवलं, आणि त्याला कळेल अशा मराठीत सावकाश विचारलं, "बाळा, यात आप्पांच्या हातात काय राहील?"

वेळ लागला, पण काटा लागला. आता आप्पांच्या खुर्चीशेजारच्या भिंतीवर आमच्यासारखाच गोल आहे. त्याच दुकानदाराकडून आणला. त्यालाही पोहे मिळाले. शेजारी त्यांनी आपलं जुनं थर्मामीटर टांगून घेतलं आहे, आणि बायकोचा फोटो त्याच्या बाजूला.

आप्पांनी मला भाडेपावतीपलीकडे काही दिलं नाही असं कुणी म्हणेल. मला माझी सासू त्यांनी दिली. हे मी त्यांच्या तोंडावर कधी बोलले नाही, कारण त्यांना आकड्याशिवायचं बोलणं समजत नाही.

दुपारी त्यांचा सासूबाईंच्या नव्या साध्या फोनवर फोन येतो. कशा आहात नाही, काही नाही. "माझ्या खोलीत सत्तावीस. तुमच्याकडे?" सासूबाई चष्मा लावतात, वाकून गोलातला आकडा वाचतात, मगच सांगतात. रविवारी मी घरी असते तेव्हा फोन मी उचलते, आणि दर वेळी मला वाटतं की आपण चाळीस ठोकून द्यावं. थर्मामीटर घेऊन येतील तरी.